कलापूरचे चौघे

कोल्हापूरला जायचे ठरले की आमच्या घरात याद्या सुरू होतात. आईला अंबाबाईचे दर्शन घ्यायचे असते. सौभाग्यवतींना गुजरीतला साज निदान डोळ्यांनी तरी पाहायचा असतो. चिरंजीवांचे सगळे लक्ष मिसळीच्या कटाकडे. पायताणे आणि गूळ ही तर शेजाऱ्यांची मागणी, ती मोडून चालत नाही. या यादीत माझीही एक ओळ असते. पण ती बाजारात मिळण्यासारखी नसल्यामुळे कुणी फारशी मनावर घेत नाही. मला त्या गावातल्या चार माणसांना भेटायचे असते. चौघेही केव्हाच काळाच्या पडद्याआड गेले आहेत.

कोल्हापूरला जुन्या पिढीतली माणसे कौतुकाने ‘कलापूर’ म्हणतात. हे नाव उगीच पडलेले नाही. शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि १९२२ साली गेले. या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी जी समाजक्रांती केली ती सर्वांना ठाऊक आहे. परंतु याच राजाने मल्लांसाठी खासबागेचा आखाडा बांधला, त्याला लागूनच नाटकांसाठी पॅलेस थिएटर उभे केले, गवयांना आणि चित्रकारांना दरबारी आश्रय दिला, हे आपण जाता जाता सांगतो. मी मराठीचा प्राध्यापक. नाट्यवाङ्मय शिकवताना या गावाशी माझी वारंवार गाठ पडते. आणि दर वेळी एकच प्रश्न मला छळतो. ज्यांनी एवढे निर्माण केले, त्यांच्या निर्मितीतले आपल्या हाती उरले किती? या चौघांची ओळख करून देताना तोच प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहे.

आबालाल रहिमान

पहिले चित्रकार आबालाल रहिमान. मूळ नाव अब्दुल अझीझ. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकातला, म्हणजे १८५७च्या आगेमागे जन्मलेला हा माणूस. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८८०च्या दशकात त्यांनी शिक्षण घेतले आणि १८८८ साली व्हाइसरॉयचे पदक पटकावले. असे पदक खिशात असलेल्या तरुणाने त्या काळी काय केले असते? मुंबईत बिऱ्हाड थाटले असते, साहेबलोकांची आणि संस्थानिकांची तैलचित्रे काढली असती, आणि चार पैसे गाठीला बांधून सुखाने म्हातारपण काढले असते. आबालाल कोल्हापूरला परतले. कोटितीर्थाच्या काठी, लोकवस्तीपासून दूर, एखाद्या बैराग्यासारखे ते राहिले.

त्यांचे विषय म्हणजे आसपासचे पाणी आणि त्यावर पडलेला उजेड. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट. पण एकच तळे सकाळी वेगळे, भर दुपारी वेगळे आणि दिवेलागणीला आणखी वेगळे. वस्तूपेक्षा तिच्यावरचा प्रकाश हाच चित्राचा खरा विषय आहे, असे ध्यानी घेऊन पॅरिसच्या काही चित्रकारांनी १८७४ साली आपले पहिले प्रदर्शन भरवले होते आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. आबालालांच्या निसर्गचित्रांची तुलना जाणकार त्यांच्याच चित्रांशी करतात. फरक इतकाच की पॅरिसच्या मंडळींना एकमेकांची सोबत होती, वाद घालायला कॉफीची दुकाने होती. कोटितीर्थाच्या काठी आबालाल एकटे होते.

शाहू महाराजांनी मात्र त्यांना ओळखले. दरबारी चित्रकार म्हणून नेमले, शिकारीच्या मोहिमांत बरोबर नेले, आणि या विक्षिप्त माणसाची विक्षिप्तता राजाने निमूटपणे सांभाळली. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. त्यानंतरची हकीकत कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. धनी गेला, आता ही चित्रे दाखवायची कुणाला, म्हणून आबालालांनी आपली शेकडो चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली! आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. ऐकीव गोष्टीचे तसेच असते. पण हजारोंनी चित्रे काढणाऱ्या या कलावंताची आज मोजकीच चित्रे उरली आहेत, एवढे मात्र खरे. ज्या पाण्याने चित्रे दिली त्यालाच ती परत केली, असे म्हणून आपण हळहळू शकतो. मला या गोष्टीत हळहळीपेक्षा भीती अधिक वाटते. एका माणसाची जाणती नजर नाहीशी होताच दुसऱ्या माणसाची आयुष्यभराची कमाई त्याला स्वतःलाच निरर्थक वाटावी, ही काही साधी गोष्ट नव्हे. साऱ्या गावात पाहणारा एकच होता, असा तिचा अर्थ होतो. १९३१ साली आबालाल गेले.

केशवराव भोसले

दुसरे संगीतसूर्य केशवराव भोसले. जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९०. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. घरात अठराविश्वे दारिद्र्य. मुलांच्या तोंडी दोन घास पडावेत म्हणून आईने लहानग्या केशवला स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीच्या हवाली केले. आज आपण मुलाला संगीताच्या क्लासला घालतो आणि महिन्याच्या फीची कुरकुर करतो. त्या माउलीने फीच्या जागी मूलच दिले.

ते मूल रंगभूमीवर उभे राहिले आणि गाऊ लागले. देवलांच्या ‘शारदा’ नाटकातली शारदेची भूमिका या पोराने अशी केली की कंपनीच्या बोर्डावर त्याचे नाव ओढा धरू लागले. देवलांचे नाटक जरठकुमारी विवाहावरचे. थेरड्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या पोरीचे दुःख बोलणारा गळा हा परिस्थितीने कंपनीच्या गळ्यात बांधलेल्या पोराचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या यशाचे मर्म थोडे कळते.

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळीस केशवरावांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक मंडळी काढली. वय पुरते अठराही नव्हते! आमच्या कॉलेजात या वयाची मुले हजेरीसाठी विनवण्या करीत असतात. केशवरावांच्या पदरी त्या वयात नटांचे, वादकांचे, आचाऱ्यांचे पोट होते. पुढे वझेबुवांसारख्या कसलेल्या गवयाची तालीम त्यांना लाभली. चढा, धारदार, चपळ असा तो आवाज. शिवाय हा मालक नुसता गळ्यावर विसंबून राहिला नाही. मामा वरेरकरांसारख्या नव्या नाटककाराला त्यांनी जवळ केले आणि ‘हाच मुलाचा बाप’ हे हुंड्याच्या प्रश्नावरचे नाटक १९१६ साली रंगभूमीवर आणले. पौराणिक शेला-शालूंच्या त्या दुनियेत चालू घडीचा प्रश्न मांडायला छातीच लागते. कारण तिकिटे काढून बसलेल्या प्रेक्षकांत हुंडा घेतलेलेच बाप अधिक असत.

८ जुलै १९२१ चा मुंबईतला संयुक्त ‘मानापमान’ हा मराठी रंगभूमीच्या इतिहासातला सोन्याचा दिवस. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एक झाल्या. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. पाठीराख्यांचे दोन तट पडलेले, कोण कुणाला खातो ते पाहायला आलेले. आणि रंगमंचावर दोन थोर कलावंत एकमेकांना सांभाळून घेत एकच नाटक उभे करीत होते. प्रेक्षकांनी भांडण पाहायला यावे आणि मैफल घेऊन जावे, असे त्या रात्री झाले.

त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले. वय एकतीस वर्षांचे. कंपनी त्यांच्यामागे बुडाली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती खांद्यावर घेतली, आणि बापूरावांनंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी. हे भालचंद्र १९२१ च्या नोव्हेंबरात, म्हणजे केशवरावांच्या मृत्यूनंतर जन्मलेले. ज्याला डोळ्यांनी पाहिले नाही त्याच्या कंपनीचे ओझे त्यांनी पुढे कित्येक वर्षे आनंदाने वाहिले.

शाहू महाराजांनी १९१५ साली पुरे केलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवराव भोसले यांचे नाव दिले गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्या नाट्यगृहाला आग लागली आणि शतकाहून अधिक काळ मराठी स्वर ऐकलेली ती वास्तू जळून गेली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती! त्या सकाळी राखेसमोर उभे राहून कोल्हापूरचे रंगकर्मी रडले. नाट्यगृह पुन्हा होते तसे उभारायचे ठरले, आणि ते झालेच पाहिजे. तथापि लाकूड आणि दगड पुन्हा आणता येतात. त्या लाकडात मुरलेले सूर कुठल्या वखारीतून आणायचे?

बाबूराव पेंटर

तिसरे बाबूराव पेंटर. आडनाव मेस्त्री; पण गावाने धंदाच आडनाव म्हणून बहाल केला. जन्म ३ जून १८९०, म्हणजे केशवरावांच्याच वर्षाचे आणि त्यांच्याच गावचे. चुलतभाऊ आनंदराव आणि बाबूराव हे दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्या काळी पडदा वर गेला की राजवाड्यातला महाल किंवा अरण्य पाहूनच पहिली टाळी पडे. ती टाळी या दोघा भावांची.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या पडदे रंगवणाऱ्यांना हलणाऱ्या पडद्याचे वेड लागले. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. मग काय करावे? घरीच बनवावा! सुतारकाम, लोहारकाम हाताखालचे होते, डोकेही होते. काम चालू असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. बाबूराव खचले असतील, पण थांबले नाहीत. दामल्यांना मदतीला घेऊन त्यांनी तो कॅमेरा पुरा केला. हा देशी बनावटीचा कॅमेरा १९१८ च्या सुमारास चालू झाला, आणि ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. भांडवल आले कुठून, तर तानीबाई कागलकर या कोल्हापूरच्या गायिकेकडून. मैफलीत मिळालेली बिदागी एका वेड्या चित्रकाराच्या पेटीवजा यंत्रात घालणाऱ्या या बाईंचे नाव चित्रपटाच्या इतिहासात मोठ्या अक्षरांत छापले पाहिजे. एका कलेने दुसरीला हात देऊन उठवल्याचे इतके ढळढळीत उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

१९२० साली कंपनीचा ‘सैरंध्री’ आला. कीचकवधाचा प्रसंग इतका हुबेहूब वठला होता की प्रेक्षकांच्या अंगावर काटा येई, आणि सरकारी कात्रीही त्यावर चालली. लोकमान्य टिळकांनी चित्र पाहून बाबूरावांना सुवर्णपदक दिले आणि ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. पुरुषांनीच लुगडी नेसण्याच्या त्या काळात या चित्रात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या होत्या. पुढे १९२५ मध्ये त्यांनी हरिभाऊ आपट्यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ काढला. देवादिकांचे चमत्कार सोडून कर्जात बुडालेला शेतकरी त्यांनी पडद्यावर आणला. शेतकरी झालेला तरुण नट होता व्ही. शांताराम. धंद्याच्या दृष्टीने हे चित्र फारसे चालले नाही. खिशातले पैसे देऊन लोकांना देव पाहायचे होते; शेतकरी तर फुकट दिसत होता.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर ही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली. स्वतःच्या हाताखाली तयार झालेली माणसे एकदम उठून गेली की मागे उरलेल्या घराचे काय होते, ते संसारी वाचकांना सांगायला नको. थोड्याच वर्षांत महाराष्ट्र फिल्म कंपनीचा गाशा गुंडाळला गेला. पण बाबूरावांच्या हातचा संस्कार त्या शिष्यांबरोबर गेलाच होता. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, त्यातल्या प्रत्येक चौकटीत कोल्हापूरच्या पडदे रंगवणाऱ्याची नजर दिसते. पुढे १९४७ साली शांतारामबापूंच्या राजकमलने ‘लोकशाहीर रामजोशी’ काढला, त्याच्या दिग्दर्शनासाठी पुन्हा याच गुरूला पाचारण झाले. गुरू शिष्याच्या घरी कामाला गेला. यात कुणाला कमीपणा दिसेल. मला त्यात दोघांचेही मोठेपण दिसते.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले. त्यांच्या कॅमेऱ्याचे स्मारक कोल्हापुरात आहे. मात्र त्या कॅमेऱ्याने जे पाहिले त्यातले फार थोडे आपल्यासाठी उरले. ‘सैरंध्री’ गेला, मूळ मूक ‘सावकारी पाश’ गेला. त्या काळच्या फिती पटकन पेट घेणाऱ्या असत. आणि खेळ संपल्यावर जुन्या फितीची किंमत रद्दीहून अधिक कुणी केली नाही. आगीपेक्षा अनास्थेनेच अधिक चित्रे खाल्ली.

अल्लादियाखाँ

वयाने आबालालांच्या बरोबरीचे असूनही खाँसाहेबांना मी शेवटी ठेवले आहे. कारण माझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्याकडे सापडले.

अल्लादियाखाँ हे कोल्हापूरचे नव्हेत. जन्म १८५५ सालचा, राजस्थानातल्या उनियाऱ्याचा. घराणे धृपदियांचे. चुलते जहांगीरखाँ यांच्याजवळ वर्षानुवर्षे तालीम झाली. तरुणपणीचा आवाज गोड, भरदार होता असे सांगतात. आमलेटा नावाच्या एका छोट्या संस्थानात गाण्याचा शौकीन धनी भेटला. तो ऐकून तृप्त होईना आणि खाँसाहेब गाऊन थांबेनात. अतिश्रमाने आवाज बसला, आणि तो नुसता बसला नाही, गेलाच. गवयाचा आवाज जाणे म्हणजे काय? धनुर्धराचा अंगठा जाणे. बऱ्याच काळाने तो परतला, पण पूर्वीचा नव्हे. जाडसर, घोगरा, गोडवा हरवलेला असा परका आवाज घरात आला.

दुसरा कुणी गंडेतावीज करीत बसला असता. खाँसाहेबांनी त्या नव्या आवाजाला साजेशी नवी गायकी घडवली. स्वर लांबवून श्रोत्यांना मोहवणे आता जमणार नव्हते. मग त्यांनी लयीशी झटापट मांडली. मोकळा आकार, संथ लयीतही कधी सैल न पडणारी चाल, एकात एक गुंतत जाणाऱ्या पेचदार ताना, आणि त्या गुंत्यातून नेमके समेवर उतरणे. अनवट आणि जोडराग त्यांनी उजेडात आणले. आज आपण जिला जयपूर-अत्रौली गायकी म्हणून मान देतो, ती एका गेलेल्या आवाजाच्या जागी उगवलेली आहे.

१८९५ च्या सुमारास शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूरच्या दरबारी ठेवून घेतले. महाराज असेपर्यंत ते कोल्हापुरात होते. नंतर मुंबईस गेले. महाराजांच्या मृत्यूचा धक्का त्यांनाही आबालालांसारखाच बसला असणार. पण आबालालांची पुंजी कागदावर होती, खाँसाहेबांची माणसांत होती. कागद पाण्यात टाकता येतो. भास्करबुवा बखले, चिरंजीव मंजीखाँ आणि भुर्जीखाँ, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर... इतक्या गळ्यांत पेरलेले गाणे पाण्यात कोण टाकणार? शिकवण्यात मात्र दयामाया नव्हती. एकेक पलटा महिनोन्‌महिने. केसरबाईंनी १९२१ साली गंडा बांधला आणि १९४६ साली खाँसाहेब जाईपर्यंत, म्हणजे नामांकित झाल्यावरही, त्या शिकतच राहिल्या.

खाँसाहेबांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. वर्गात हे सांगितले तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग ते एवढे मोठे होते हे आपण कशावरून म्हणायचे?” प्रश्न फटकळ होता, पण खोटा नव्हता. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. खाँसाहेबांनी नातू अझीझुद्दीनखाँ यांना सांगितलेली आपली जीवनकथा ग्रंथरूपाने उपलब्ध आहे, ती वाच, ही पहिली. आणि दुसरी अशी : १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. परक्या ग्रहावर कुणी असलेच तर त्याला पृथ्वीची ओळख पटावी म्हणून त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली. बाख, बेथोव्हेन यांच्या शेजारी तिच्यावर भारताच्या वाट्याला आलेला एकच गळा आहे, केसरबाई केरकरांचा. भैरवीतली चीज आहे, अवघी साडेतीन मिनिटांची. याने निघाली त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई गेल्या. २०१२ साली पहिले यान सूर्याचा प्रभाव ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरले. खाँसाहेबांचा आवाज कुणी टिपला नाही. त्यांची तालीम मात्र सूर्यमालेची वेस ओलांडून निघाली आहे.

मुलगी थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “म्हणजे रेकॉर्ड होती. फक्त ती माणसांची होती.” त्या दिवशीचा तास मला शिकवावा लागला नाही.

या चौघांकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. पाणी, रोग, आग आणि अनास्था यांनी चौघांचेही काही ना काही नेले. जे वाचले ते एका माणसाने दुसऱ्याच्या हाती ठेवले म्हणून वाचले. बापूरावांनी कंपनी उचलली म्हणून, शिष्यांनी नजर उचलली म्हणून, केसरबाईंनी पंचवीस वर्षे पलटे घोटले म्हणून. यावरून जुनी चित्रे, फिती, नाट्यगृहे सांभाळायला नकोत, असा सोयीस्कर अर्थ कुणी काढू नये. आबालालांचे एकेक उरलेले चित्र आणि बाबूरावांच्या फितीचा एकेक तुकडा जिवापाड जपलाच पाहिजे. परंतु ते जपायचे कशासाठी, हे कळणारा डोळा आणि कान घरात तयार झाला नाही, तर कुलूपबंद कपाटातली कला आणि कोटितीर्थाच्या तळाशी गेलेली कला यांत फारसे अंतर राहत नाही.

आणि तो डोळा, तो कान काही दरबारातच तयार होतो असे नाही. तानीबाईंच्या मागे कुठे संस्थान होते? केशवरावांच्या आईपाशी तर काहीच नव्हते. दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली की एखाद्या संध्याकाळी केसरबाईंची किंवा मोगूबाईंची एक मुद्रिका लावावी. पहिल्या दहा मिनिटांत मुले चुळबुळ करतील, करू द्यावी. अकराव्या मिनिटाला एखादे पोर हातातली चकली तशीच धरून ऐकत राहिले, तर समजावे की खाँसाहेबांचा आणखी एक वारस आपल्या घरात बसला आहे.